पॅकेट बदललं तरी कुत्र्याचं पोट पुन्हा बिघडतंय? नवं खाणं आणण्याआधी हे तपासा

तक्रार नेहमी एकाच चालीवर येते. कुत्र्याला पातळ संडास लागते, डॉक्टरांकडून इंजेक्शन होतं, दोन दिवसांत ते शेपूट हलवायला लागतं. पंधरा-वीस दिवसांनी परत तेच. मग कुणीतरी सांगतं, "ती कंपनी सोडा, ही घ्या." पॅकेट बदलतं, आठवडाभर बरं जातं आणि पुन्हा एका सकाळी ओसरीवर पातळ पिवळं दिसतं. मग दुसरं कुणी म्हणतं, पॅकेटच बंद करा, आपली दूध-भाकर काय वाईट आहे? आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

लातूर, उदगीर, नांदेड, परभणी या भागात कुत्रं पाळणाऱ्या बऱ्याच घरांत हे चक्र मी बघत आलोय. त्यावरून एक मत पक्कं झालं आहे. यातल्या बहुतेक घरांत आणलेलं खाणं फार वाईट नसतं, पण ते टिकूच दिलं जात नाही. पोट एका खाण्याला सरावतंय तोवर दुसरं येतं. त्यात घरातला प्रत्येक जण आपापल्या हातानं काहीतरी भरवत असतो. म्हणून कोणतं खाणं चांगलं हे ठरवण्याआधी, आज कुत्र्याच्या पोटात नक्की काय काय जातंय हे कळलं पाहिजे. आणि त्याच्याही आधी हे दुखणं खाण्याचं आहे की नाही ते.

खाण्यावर आळ घेण्याआधी

लहान पिल्लू असेल, लसीकरण पूर्ण नसेल, उलट्या होत असतील आणि संडासात रक्त असेल, तर इथे वाचत बसू नका. हा पार्व्हो नावाचा विषाणूचा आजार असू शकतो आणि त्यात तासातासाला फरक पडतो. पिल्लाला उचला आणि डॉक्टरांकडे न्या. मोठ्या कुत्र्याची संडास डांबरासारखी काळी असेल, पोट फुगून ओकारीचे नुसतेच उमाळे येत असतील, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तरीही तेच.

त्यानंतर जंत. पिल्लांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्याला आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायचं असतं. आपल्याकडे पहिला डोस होतो आणि पुढचे राहून जातात. पोट मोठं, पाठीची हाडं वर आलेली, खाणं भरपूर पण अंगाला लागत नाही, असं पिल्लू दिसलं तर खाण्याची कंपनी बदलून उपयोग नाही.

तिसरा संशय गोचिडांचा घ्या. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गुरांजवळ राहणाऱ्या कुत्र्यांत तर हा आधी घ्यावा. गोचिडांमुळे एर्लिकिया आणि बॅबेशिया नावाचे आजार होतात. कुत्रं सुस्त पडतं, ताप येतो, खाण्याला तोंड लावत नाही. कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी चहासारखी गडद होते. घरच्यांना वाटतं की खाण्याचा कंटाळा आला, म्हणून चिकन आणा, दही घाला, नवं पॅकेट फोडा. यात चार-पाच दिवस जातात आणि तेवढ्यात रक्त उतरतं. काल आवडीनं खाणारं कुत्रं आज त्याच खाण्याला नाक मुरडत असेल, तर आधी त्याचे कान उलटे करून बघा, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या बघा, ताप मोजून घ्या.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी अंगदुखीची साधी गोळीसुद्धा कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करते.

चार दिवसांचा कागद

वरचं काही नसेल तर स्वयंपाकघरात एक कागद चिकटवा. पुढचे चार-पाच दिवस कुत्र्याला कुणी, कधी, काय दिलं ते ज्यानं दिलं त्यानं तिथंच लिहायचं. रागवायचं कुणावर नाही, फक्त लिहायचं.

नांदेडच्या एका ओळखीच्या घरी लॅब्रेडॉर आहे. त्यांचा कागद असा भरला. पहाटे आजोबांच्या चहाबरोबर ग्लुकोज बिस्किटं. आठला वहिनींनी दूध-भाकर. शाळेतून आल्यावर लेकरांनी डब्यातली उरलेली पोळी आणि शेव. दुपारी पॅकेटचं खाणं, तेही "खात नाही" म्हणून वरून साय घालून. रात्री दादा आले की त्यांच्या ताटातली मटणाची नळी. घरातला प्रत्येक जण अगदी खरं सांगत होता, "मी तर थोडंसंच देतो." आणि दोष मात्र आळीपाळीनं पॅकेटच्या कंपन्यांवर जात होता.

या कागदावर तीन गोष्टी हमखास सापडतात.

पहिली म्हणजे दूध. पिल्लू आईचं दूध पचवतं, कारण दुधातली साखर, लॅक्टोज, फोडणारं विकर त्याच्या आतड्यात भरपूर असतं. दूध तुटल्यावर ते कमी होत जातं. मोठ्या कुत्र्याला वाटीभर म्हशीचं दूध दिलं की न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते, तिथले जंतू ती आंबवतात आणि गुडगुड, वारा, पातळ संडास सुरू होते. काही कुत्री दूध पचवतात हेही खरं आहे. पण पोट वारंवार बिघडणाऱ्या कुत्र्याचं सगळ्यांत आधी दूध थांबवा. ताक किंवा दह्यात ही साखर थोडी कमी असते, त्यामुळे भाकर ओली करायला चमचाभर आंबट नसलेलं ताक चालून जातं.

दुसरी म्हणजे रस्सा. येसर, कांदा, लसूण, सुकं खोबरं, तेलाचा तवंग. बोटी पाण्यानं धुऊन दिली म्हणजे झालं असं बरेच जण समजतात. तिखट धुतलं जातं, कांदा-लसणाचा अर्क मांसात उतरलेला असतो तो जात नाही. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पूड केलेला, कसाही असला तरी. लसणातही तेच. एका दिवसात काही दिसत नाही, पण रोज थोडं थोडं जात राहिलं तर कुत्रं फिकं पडत जातं. घरात मटण शिजणार असेल तर फोडणीआधीच कुत्र्याच्या वाट्याच्या बोट्या नुसत्या हळद-पाण्यात वेगळ्या उकडून घ्या. शिजलेली नळी तर नकोच. शिजलेल्या हाडाच्या धारदार कपच्या निघतात आणि आतडं फाडू शकतात.

तिसरी गोष्ट सणवारांची. आखाडात घरात मटण-चिकन होत राहतं, कुत्र्याला रोज काही ना काही मिळतं, आणि श्रावण लागला की सगळं एका दिवसात बंद. कुत्र्याच्या पोटाला श्रावण कळत नाही. मांसावरून एकदम नुसत्या भाकर-वरणावर आलं की संडास बिघडणारच, आणि महिन्याभरानं उलट्या दिशेनं पुन्हा. श्रावण पाळणाऱ्या घरांनी कुत्र्याचं खाणं घराच्या पाळण्यापासून वेगळं ठेवावं, नाहीतर आखाडाच्या शेवटच्या आठवड्यातच हळूहळू उतरवत आणावं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात भज्जी, आंबील, उंडे, खीर यांचा जो वर्षाव आखाड्यावरच्या कुत्र्यांवर होतो, त्याचा दुसऱ्या दिवशीचा हिशेब सालगड्याला विचारा.

मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या यांच्यात थोडं-फार असं काही नाही. पूर्ण बंद. द्राक्ष-मनुक्यानं काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुकाही त्यातच आल्या.

पोट बसवणं

कागद भरून झाला की दोन-तीन दिवस एकच साधं खाणं: मऊ शिजवलेला भात दोन वाट्या आणि बिनहाडाचं, बिनकातडीचं उकडलेलं चिकन एक वाटी, या प्रमाणात. मीठ-मसाला नाही, तूप नाही. दिवसातून चार वेळा थोडं थोडं. स्वच्छ पाणी कायम समोर. पूर्वी दिवसभर उपाशी ठेवायची पद्धत होती, ती पिल्लांना तर अजिबात लावू नका. दोन-तीन दिवसांत संडास बांधून आली तर पोट मुळात धड आहे. नाही आली, किंवा बांधून आली पण त्यावर आव-रक्त आहे, तर संडासाचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे.

पोट बसल्यावर कायमचं खाणं निवडायचं, आणि इथे खरा विचार लागतो.

भाकर पुरते का

याबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. एक, कुत्रं म्हणजे लांडगा, त्याला धान्य पचतच नाही. दुसरं, आमच्या आज्यापासून कुत्री भाकरीवर जगली.

पहिलं मत चूक आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त सापडल्या. माणसाच्या वस्तीत राहून कुत्रं धान्य पचवायला शिकलेलं आहे. नीट भाजलेली भाकर, शिजलेला भात त्याला पचतो.

दुसऱ्या मतातली अडचण पचण्याची नाही, पुरण्याची आहे. वीस किलोच्या, घरात राहणाऱ्या, जरा फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला हजाराच्या आसपास कॅलरी लागतात. नुसत्या ज्वारीवर हजार कॅलरी भरायच्या तर जवळपास तीनशे ग्रॅम पीठ लागेल. त्यातून प्रथिनं मिळतील तीसेक ग्रॅम. मोठ्या कुत्र्यासाठी हजार कॅलरींमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं अमेरिकेतल्या आफको या संस्थेचं प्रमाण सांगतं. जगभर पॅकेट बनवताना बहुतेक हेच किंवा युरोपचं प्रमाण धरतात. त्यात ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अंगाला हवंच असलेलं अमिनो आम्ल फार कमी. म्हणजे पोट भरतं आणि अंग उपाशी राहतं. केस राठ, पाठ कोरडी, जखम लवकर भरत नाही, कुत्री व्याली की दूध कमी. पूर्वीची कुत्री नुसत्या भाकरीवर नव्हती हेही लक्षात घ्या. ती शेतात उंदीर-घुशी मारत, ससा धरत, मेलेल्या ढोराला तोंड लावत. आजचं कुत्रं साखळीला किंवा गच्चीवर असतं.

भाकर सोडायची गरज नाही, तिला जोड द्यायची. त्याच वीस किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाचा हिशेब असा बसतो: दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरी, दोनशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन उकडून, एक उकडलेलं अंडं, मूठभर म्हणजे पन्नासेक ग्रॅम तुरीच्या डाळीचं बिनफोडणीचं वरण आणि लहान चमचाभर तेल. हे हजार कॅलरींच्या जवळ जातं आणि प्रथिनं सत्तरच्या पुढे. तूर इथं मुद्दाम घेतली आहे, ज्वारीत जे लायसिन कमी तेच तुरीत चांगलं असतं. तेल करडईचं मिळालं तर उत्तम. आपल्या जुन्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, आणि कुत्र्याच्या कातडीला, केसाला ते बाहेरूनच मिळावं लागतं. घाण्याचं तेल सांगायला विसरू नका, अलीकडे करडईचा पेराच कमी झाल्यानं दुसरंच काही हातात पडतं.

यात एक मोठी उणीव उरते, कॅल्शियमची. वरच्या सगळ्या जिन्नसांत मिळून ते फार तर दीड-दोनशे मिलिग्रॅम भरतं, हवं सव्वा ग्रॅम. अंड्याची कवचं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी बारीक करा. पाच ग्रॅम पुडीत दोन ग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं, म्हणजे या कुत्र्याला अर्धा लहान चमचा पुरे. जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व मात्र घरच्या खाण्यातून भरून निघणं अवघड. त्यासाठी डॉक्टरांना विचारून खनिज-जीवनसत्त्वाची पूड किंवा सिरप चालू ठेवा. घरचं खाणं कायमचं द्यायचं ठरवलं असेल तर ही पूड खाण्याचाच भाग आहे.

मटणाच्या दुकानातून छाट, फुफ्फुसं, काळीज स्वस्तात मिळतं आणि बरेच जण ते कच्चंच टाकतात. हे मी हात जोडून सांगतो, कच्चं देऊ नका. शेळ्या-मेंढ्यांच्या फुफ्फुसात आणि काळजात कधी कधी पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. त्या एका फीतकृमीच्या अळ्यांच्या. कच्चं खाल्लं की कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसाला चिकटतात आणि कुत्र्याशी खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात. मग तशाच गाठी माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात होतात आणि ऑपरेशनची पाळी येते. गाठी दिसल्या तर तो भाग कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही असा जाळा किंवा खोल पुरा. बाकीचं चांगलं उकळूनच द्या, आणि काळीज रोज नको, आठवड्यातून थोडं.

माळकरी घरात मांस-अंडं येणार नाही, आणि ते मोडायला सांगायचं कारणही नाही. मांजराला मांसावाचून जमत नाही, कुत्र्याला जमू शकतं, पण नुसत्या वरण-भाकरीवर नाही. अशा घरांनी हिरव्या ठिपक्याचं, पण 'संपूर्ण' म्हणून लिहिलेलं पॅकेट निवडावं आणि घरचं खाणं त्याच्या जोडीला थोडंच ठेवावं.

पॅकेट वाचताना

पुढच्या बाजूचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. इंग्रजी येत नसेल तर लेकराला वाचायला लावा. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलंय का आणि कोणत्या वयासाठी, हे पहिलं. त्याशेजारी ए-ए-एफ-सी-ओ (वर आलेली आफको ती हीच) किंवा युरोपच्या संस्थेचं एफ-ई-डी-आय-ए-एफ अशी अक्षरं असतील. 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर ते तोंडी लावायचं खाणं आहे, त्यावर कुत्रं जगवायचं नसतं. ग्रेव्हीची छोटी पाकिटं बऱ्याचदा या प्रकारातली असतात.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पण 'ताजं चिकन' पहिल्या नंबरवर दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, ते पाण्यासकट मोजलेलं असतं. सुक्या आणि ओल्या खाण्याची टक्केवारी सरळ ताडून बघता येत नाही, तीही याच कारणानं. ओल्या पाकिटात पाणी ८० टक्के आणि प्रथिनं ८ टक्के असतील, तर उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रथिनं झाली, म्हणजे ४० टक्के. सुक्या खाण्यात पाणी १० टक्के आणि प्रथिनं २२ टक्के, म्हणजे पाणी वगळून साडेचोवीसच्या आत. ओलं पाकीट कमी दिसतं आणि भरतं जास्त. मात्र त्यावर मोठं कुत्रं पोसायचं तर खिसा तपासावा लागेल.

मोठ्या कुत्र्याच्या खाण्यात पाणी वगळून किमान १८ टक्के प्रथिनं आणि साडेपाच टक्के स्निग्धांश, पिल्लाच्या खाण्यात साडेबावीस आणि साडेआठ. याच्या खाली असेल तर ठेवून द्या. वर किती हवं, ते कुत्रं किती पळतं त्यावर.

'ग्रेन-फ्री' म्हणजे भारी, असा समज पसरला आहे. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, अशा खाण्याचा, विशेषतः वाटाणा-मसूर जास्त असलेल्या खाण्याचा, कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का याची चौकशी जाहीर केली. कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण धान्य काढून टाकल्यानं निरोगी कुत्र्याला काही विशेष मिळतं असंही नाही.

आणि सुटं खाणं. दुकानात वीस किलोचं पोतं तोंड उघडं ठेवून किलोवर विकतात. हातात घेतलं तर दाणा थोडा चिकट लागतो, वास जुन्या खोबऱ्यासारखा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याच्या दुकानात वरचं तेल खवट व्हायला वेळ लागत नाही. त्या पोत्यावरची तारीख कुणालाच माहीत नसते. लहान का असेना, बंद पॅकेट घ्या. घरी ते पॅकेटसकट झाकणाच्या कोठीत ठेवा आणि फोडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच आणा.

बुरशीचं तर आपल्या भागात जास्तच जपायला हवं. काढणीला आलेली खरिपाची ज्वारी पावसात सापडली की काळी पडते. ती बाजारात कवडीमोलानं जाते, म्हणून कोंबड्यांना, कुत्र्यांना ठेवतात. भुरी आलेला मका, कोंदट वासाची शेंगदाणा पेंड, तीच गत. बुरशीची काही विषं, मक्या-शेंगदाण्यातलं अफलाटॉक्सिन त्यातलंच, भाकर भाजल्यानं किंवा उकळल्यानं जात नाहीत. ते थेट यकृताला धरतं. अमेरिकेत २०२० च्या अखेरीस पॅकेटच्या खाण्यात हे विष सापडलं आणि त्यात कुत्री दगावली. मग काळी ज्वारी डोळ्यांनी दिसत असताना ती दळायची कशाला?

कुणाला किती

उदगीर-लातूरकडचे कारवानी आणि पश्मी, या आपल्या शिकारी जाती, सडपातळच शोभतात. शेवटच्या एक-दोन फासळ्या दिसणं त्यांना बरोबर आहे. माळेगावच्या जत्रेत श्वानांच्या स्पर्धेला आलेली चांगली जनावरं बघा, पोट आत गेलेलं, मांड्या भरलेल्या. त्याच कारवान्याला "वाळलंय हो तुमचं कुत्रं" म्हणून शेजारी तूप-पोळी घालतात. आणि लॅब्रेडॉर गोल झालं की "छान धरलंय" म्हणतात. लॅब्रेडॉरची भूक खरी मानू नका. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारांतल्या एका लॅब्रेडॉरमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. ते खात राहतं, कारण त्याला भरल्याचं कळतच नाही.

डोळ्यांवर न जाता हातानं बघा. दोन्ही तळवे फासळ्यांवर ठेवून हलके फिरवा. पंजा उघडा, सपाट धरून त्याच्या पाठीवरची हाडं जशी हाताला लागतात तशा फासळ्या लागल्या तर अंग योग्य. दाबून शोधाव्या लागत असतील तर खाणं दहा टक्के कमी करा आणि महिन्यानं परत बघा. नसबंदी केलेल्या कुत्र्याची गरज पाव हिश्श्यानं उतरते, पण घरात थाळी तीच राहते. पॅकेटचं खाणं साधारण साडेतीनशे कॅलरी शंभर ग्रॅमला असेल, तर वीस किलोच्या कुत्र्याला पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम पुरतं. ते एकदा वजन काट्यावर मोजा आणि त्या मापाची वाटी ठरवून टाका. ग्लुकोज बिस्कीट एकेक वीस कॅलरीचं, म्हणजे आजोबांच्या चहाबरोबरची पाच बिस्किटं दिवसाचा दहावा हिस्सा झाली. त्यापुढे वरचं काही नको.

पिल्लाचं गणित वेगळं. नुसत्या भाकरीवर किंवा नुसत्या मटणावर वाढणाऱ्या पिल्लाचे पुढचे पाय वाकतात, कारण कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ बिघडतो. उलट, पिल्लासाठीचं संपूर्ण पॅकेट चालू असताना वरून कॅल्शियमची बाटली पाजणं जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींना बाधतं, हाडांची वाढ वेडीवाकडी होते. पॅकेट असेल तर बाटली नको. घरचं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच कॅल्शियम. जत्रेतून किंवा कुणाकडून पिल्लू आणलं की विकणाऱ्याला ते काय खात होतं हे विचारा आणि पहिले काही दिवस तेच द्या. नवी जागा, नवं पाणी, आई सुटलेली. त्यात नवं खाणंही त्याच दिवशी नको.

बदल करायचाच असेल तर

सात ते दहा दिवस धरा. पहिले दोन-तीन दिवस तीन हिस्से जुनं, एक हिस्सा नवं. मग निम्मं निम्मं. मग एक हिस्सा जुनं. मग पूर्ण नवं. मध्ये संडास सैल झाली तर एक पायरी मागे या, तिथं दोन दिवस थांबा. नवं खाणं पूर्ण सुरू झाल्यावर ते किमान दीड-दोन महिने चालवा आणि मगच मत बनवा. नमुन्याचं पाकीट दोन दिवस घालून "हे मानवत नाही" असा निकाल देऊ नका.

उन्हाळ्यात कुत्रं दुपारी खात नाही म्हणून खाणं बदलणारे पुष्कळ आहेत. उन्हामुळेच त्याला भूक नसते. पहाटे ऊन चढायच्या आत आणि रात्री भिंती निवल्यावर वाढा. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर थाळी उचला. ओलवलेलं खाणं मेच्या दुपारी तसंच पडलं तर आंबतं आणि संध्याकाळी तेच पोटात जाऊन सगळं परत सुरू होतं.

पोट ठीक आहे पण खाज जात नाही, कान सारखे भरतात, पंजे चाटून लाल झाले आहेत, असं असेल तर आधी पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त. त्यानंतरही राहिलं तर खाण्याच्या ॲलर्जीचा विचार करा. कुत्र्यांत ती जास्त करून बीफ, दूध, कोंबडी आणि गहू यांची सापडते. शोधायची खात्रीची पद्धत एकच: त्यानं कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, उदाहरणार्थ काटे काढलेला रोहू आणि भात, किमान आठ आठवडे. मध्ये एकही बिस्कीट नाही, चवीची औषधाची गोळीसुद्धा नाही. खाज गेली तर जुनं खाणं परत देऊन ती येते का बघायची. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. घरातल्या एकानं जरी आठव्या दिवशी पोळीचा तुकडा टाकला तरी पुन्हा एकपासून मोजावं लागतं.

एवढं करूनही पोट दोन महिन्यांत परत बिघडलं तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवा. जाताना सकाळची ताजी संडास झाकणाच्या डबीत, चालू पॅकेटच्या मागच्या बाजूचा फोटो, जंताच्या औषधाच्या तारखा आणि स्वयंपाकघरात चिकटवलेला तो कागद बरोबर न्या.